नळ्याची यात्रा

पान दोनशे सत्त्याऐंशी.
चारही चाकं जमिनीवर ठेवून ही गाडी ओढू नये.
एवढंच. काळ्या चौकटीत, कारण न देता,
आमच्या गावच्या पाद्र्यासारखं.

लोवेलनं चष्मा कपाळावर चढवला.
चाळीस वर्षं मायनॉटच्या शाळेच्या बसेस दुरुस्त केलेला माणूस,
त्याला पुस्तक शिकवणार?
"न्यूट्रलला टाकली की टाकली.
चाकं फिरतील, बाकी सगळं झोपेल."
आणि मोटरहोमच्या पाठीला त्यानं
माझी निळी हायब्रिड अडकवली.
दांडी, दोन साखळ्या, दिव्यांची वायर.
एकदा खेचून बघितलं, हात पँटला पुसले.
गाड्याबरोबर नळ्याची यात्रा.

नॉर्थ डकोटात तेव्हा उणे एकोणीस होतं.

मागच्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर
दिवसभर मी तिलाच बघत बसले.
वळण आलं की तिचं स्टिअरिंग आपोआप वळायचं
रिकाम्या सीटसमोर,
कुणी न दिसणारी, शहाणी बाई चालवत असल्यासारखं.
हा थांबला की थांबायची.
निघाला की निघायची.
वायोमिंगात वारा सुटला तेव्हा जराशी डुलली,
बोलली काहीच नाही.
आकड्यातही एक मैल वाढला नाही तिच्या:
हजार मैल गेली, आणि कुठेच गेली नाही.
हे मी लोवेलला ऐकवलं.
तो म्हणाला, डिझेल महाग झालंय.

युटात, बीव्हरच्या अलीकडच्या चढावर
एका ट्रकवाल्यानं हॉर्न दिला, बोट मागे.
उतरलो. धूर नव्हता.
करपल्या साखरेसारखा गोड वास फक्त,
आणि हात लावू देईना इतकं तापलेलं लोखंड.

टो-ट्रक घेऊन आलेल्या पोरीचं नाव मॅकेल.
पंचविशीची, गालात सूर्यफुलाच्या बिया.
गाडीखाली सरपटत गेली, तिथूनच बोलली:
"हिच्यात न्यूट्रल नसतंच, आजोबा.
नाव असतं नुसतं.
मोटर चाकांना बांधलेली ती बांधलेलीच.
चाक फिरलं की ही फिरणार,
फिरली की वीज करणार,
ती वीज घ्यायला कुणी जागं नाही,
तेल फिरवायलाही नाही.
मग काय करेल बिचारी. तापते."
आणि टरफल थुंकली.

मी लोवेलकडे बघितलं नाही.
सत्तेचाळीस वर्षांत न बघायची कला
मला चांगली जमली आहे.

अकरा दिवस. चार हजार सहाशे डॉलर.
लोवेल रोज सकाळी गॅरेजपर्यंत चालत जायचा,
मॅकेलला पाने हातात द्यायचा,
न विचारता काही सांगायचा नाही म्हणे.
नवव्या संध्याकाळी सूप पिता पिता
बशीकडे बघत म्हणाला,
"दोनशे सत्त्याऐंशी. वाचलं मी."
मी त्याला आणखी एक डाव सूप वाढलं.

मग तो ट्रॉलीच्या किमती काढायला लागला,
पुढची चाकं उचलून नेता येतात म्हणाला.
मी म्हटलं, उचलू नकोस.
मी चालवते.

आता तो पुढे, मी मागे. मध्ये दीड मैल.
"आयडेला, ऐकतेस ना?" वॉकीटॉकी खरखरते.
ऐकते.
"सीडर सिटीला थांबू."
तू थांब.
खिडकी उघडी, माझा रेडिओ, माझ्या पोल्का,
मॅकेलनं दिलेली बियांची पुडी मांडीवर.
उतारावर पाय उचलला की
पडद्यावर बॅटरीची हिरवी रेघ वर चढते,
स्वतःच्याच वजनानं.
आकडा बदलतो. एक मैल. अजून एक.

लाल डोंगरांच्या खिंडीत शिरलो तेव्हा
तो पुढे आगपेटीएवढा दिसत होता,
पांढरा, एकटा, वळणं सांभाळत.
उजवीकडे पाटी आली: घरचे पाय, ताजे.
मी इंडिकेटर दिला.
वॉकीटॉकीची रेंज दोन मैलांची.
शेवटचं ऐकू आलं ते, "कुठे..."

पेकनचे दोन तुकडे मागवले.
एक बांधून.